तो उजवीकडेच जाणार

माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला आता दीड वर्ष होईल. आतली गादी फाटली होती, ती शिवून घ्यावी लागली. सहा आठवडे पायावर अजिबात भार टाकायचा नव्हता. दोन उशांवर पाय ठेवून मी दिवसभर पडून असायची आणि संध्याकाळी भाचा गप्पा मारायला यायचा. वय तेरा, डोक्यात चोवीस तास फुटबॉल. एका संध्याकाळी त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, हे बघ ना."

जुनी कृष्णधवल चित्रफीत होती, जेमतेम दोन मिनिटांची. उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक बुटका खेळाडू मैदानाच्या उजव्या कडेला उभा. पायापुढे चेंडू. चेंडू हलत नाही आणि तोही हलत नाही. समोरचा बचावपटू गुडघ्यात वाकून सज्ज. दोघं नुसते एकमेकांकडे बघतायत. मग तो डावीकडे झुकतो. नुसता झुकतो, चेंडूला पायसुद्धा लावत नाही. बचावपटू त्या बाजूला झेपावतो. चेंडू जागच्या जागी. बचावपटू धडपडत परत येतो. पुन्हा तेच, पुन्हा तसंच. आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो उजवीकडून, रेषेला लागून, निघून गेलेला असतो. पुढच्या तुकड्यात सामना वेगळा, बचावपटू वेगळा आणि गोष्ट तीच. त्याच्या पुढच्या तुकड्यातही तीच.

"हा प्रत्येक वेळी उजवीकडेच जातोय," भाचा म्हणाला. "त्यांना कळत कसं नाही?"

मी म्हटलं, "कळत असेल रे." पण कळत असेल तर मग अडवत का नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो घरी गेला आणि प्रश्न माझ्या उशाशी राहिला. पडून राहण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. मी त्या माणसाबद्दल वाचायला लागले, आणि पाय बरा झाल्यावरही ते वाचन काही थांबलं नाही.

त्याचं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरो राज्यातल्या पाउ ग्रांदे या गावी जन्मला. गाव म्हणजे डोंगराच्या पायथ्याची एक कापडगिरणी आणि तिच्याभोवती वसलेली वस्ती. पोर अंगानं इतकं बारकं की मोठ्या बहिणीनं त्याला एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव ठेवलं, गारिंचा. त्या पक्ष्याच्या नावानंच जग त्याला ओळखतं.

आणि त्याचे पाय. उजवा गुडघ्यातून आत वळलेला, डावा बाहेर. म्हणजे फेंगड्या माणसाचे पाय जसे एकमेकांपासून लांब जातात तसे नाहीत. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, कायम एकाच दिशेनं वारा खाल्लेल्या दोन झाडांसारखे. डावा उजव्यापेक्षा सहा सेंटिमीटर आखूड. पाठीचा कणाही वाकडा. त्याचा सरळ उभा असलेला फोटो बघताना वाटतं, आता हा तोल जाऊन पडणार. असं मूल आपल्या घरात जन्मलं असतं तर घरातल्या बायकांनी तेल लावून लावून त्या पायांना सरळ करायचा प्रयत्न केला असता आणि देवाला नवस बोलले असते. पाउ ग्रांदेत कुणी फार काही केलेलं दिसत नाही. पोर चालायला लागलं, मग पळायला लागलं, मग पक्ष्यांमागे आणि चेंडूमागे पळायला लागलं. मग कुणाला त्याचे पाय आठवेनासे झाले.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. कामात त्याचं लक्ष नव्हतं, कापसाच्या ढिगात झोपून जायचा. त्याची नोकरी टिकली ती गिरणीच्या फुटबॉल संघामुळे, असं त्याची चरित्रकथा सांगणारे सांगतात. १९५० मध्ये रिओतल्या माराकाना स्टेडियमवर ब्राझील उरुग्वेकडून हरला आणि सगळा देश ओक्साबोक्शी रडला, त्या दिवशी हा सोळा वर्षांचा मुलगा मासे धरायला गेला होता म्हणतात. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ तिच्यापाशीच अडकले. देशभर सुतक आणि हा आपला नदीकाठी. त्याला खेळ आवडत नव्हता असं नाही. खेळ त्याच्यासाठी पोहण्यासारखा, मासे धरण्यासारखा होता. त्यात हरलं म्हणून रडायचं असतं, हे त्याला समजलंच नसावं.

१९५३ मध्ये रिओच्या बोताफोगो क्लबात त्याची चाचणी झाली. समोर उभा होता नील्टन सांतोस. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा डावा बचावपटू, खेळाची इतकी जाण की लोक त्याला विश्वकोश म्हणत. ह्या वाकड्या पायांच्या पोरानं त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला आणि पुढे गेला. दुसरा कुणी असता तर अपमान झाला म्हणून डूख धरून बसला असता. नील्टननं क्लबच्या लोकांना सांगितलं, ह्याला आजच घ्या, ह्याच्याविरुद्ध खेळायची वेळ माझ्यावर आणू नका. पुढे दोघं जन्माचे मित्र झाले. ह्या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त आवडणारा माणूस कोण असेल तर तो नील्टन सांतोस. दुसऱ्याचं मोठेपण स्वतःच्या फजितीतून ओळखायला मन फार मोठं लागतं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते फिजिओथेरपीच्या खोलीत मिळालं.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा चालायला शिकवायला सुरुवात झाली. शिकवणाऱ्या ताई मागे उभ्या राहायच्या, दोन्ही हात माझ्या कमरेवर ठेवायच्या. "आता सगळा भार उजव्या पायावर. हं. आता हळूहळू डावीकडे आणा. घाई नको." समोर आरसा. सहा आठवडे भार न घेतलेला पाय, त्यामुळे एरवी क्षणार्धात होणारी गोष्ट मला सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी करावी लागत होती आणि म्हणून ती मला पहिल्यांदाच दिसत होती. वजन एका पायावर गेलं की दुसरा पाय मोकळा होतो. पण ज्या पायावर वजन आहे तो पाय त्या क्षणी जमिनीत रोवल्यासारखा असतो. वजन परत आणल्याशिवाय तो उचलता येत नाही. तुम्ही कितीही हुशार असा, कितीही आधीपासून तुम्हाला माहीत असो, तो अर्धा क्षण जावाच लागतो.

आरशात बघता बघता मला ती चित्रफीत आठवली. बचावपटूला माहीत आहे, हा उजवीकडेच जाणार. डोक्याला माहीत आहे. पण समोरचा अख्खा माणूस, खांदे, कंबर, वाकडे पाय, सगळं घेऊन डावीकडे कलंडतो तेव्हा डोक्याला विचारायला वेळ कुठे असतो? कंबर आपली आपण हलते. भार एका पायावर येतो. तेवढ्यात पक्षी उडालेला असतो. त्या पायांच्या ठेवणीमुळे तो कुठल्या बाजूला कलला आहे आणि कुठल्या बाजूला निघाला आहे, याचा अंदाज लागणं आणखी अवघड होत असणार, असं मला वाटतं. सरळ पायांच्या माणसाला वाचायची आपल्याला सवय असते. ते पाय वाचायची सवय जगात कुणालाच नव्हती.

हे सगळं मी भाच्याला हॉलमध्ये उभं राहून, खुर्चीचा आधार घेऊन समजावलं. त्यानं लगेच चेंडू आणला. तो बचावपटू झाला, मी गारिंचा. मी फक्त खांदा डावीकडे पाडला, आणि तो फसला. तेरा वर्षांचा, रोज खेळणारा, काय होणार आहे हे पक्कं माहीत असलेला मुलगा फसला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते हरल्याचं नव्हतं, काहीतरी गवसल्याचं होतं. गारिंचासमोर फसलेल्या कित्येकांच्या चेहऱ्यावर शेवटी तेच हसू यायचं म्हणतात. मेक्सिकोत बोताफोगोचा अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाशी सामना होता, तेव्हा त्याच्या प्रत्येक चकव्याला प्रेक्षक बैलझुंजीत ओरडतात तसे "ओले!" ओरडायला लागले. रिव्हर प्लेटचा व्हायरो बिचारा इतक्या वेळा फसला की शेवटी त्याला बदलून बाहेर काढलं. जाताना तो स्वतःही हसत होता, असं त्या वेळचे बोताफोगोचे प्रशिक्षक जुआंव साल्दान्या यांनी सांगून ठेवलं आहे.

१९५८ च्या विश्वचषकाआधी इटलीत ब्राझीलचा फिओरेंटिनाशी सराव सामना झाला. ब्राझील ४-० जिंकला. त्यातला एक गोल गारिंचाचा. बचावफळी चकवली, गोलरक्षकाला चकवलं, समोर जाळं मोकळं. आता नुसता पाय लावायचा. तो थांबला. मागून धावत येणाऱ्या बचावपटूची त्यानं वाट पाहिली, तो आल्यावर त्यालाही हुलकावणी दिली आणि मग चेंडूसकट जाळ्यात गेला. सहकारी चिडले, प्रशिक्षक वैतागले. हा पोरकटपणा विश्वचषकात महाग पडेल अशी धास्ती सगळ्यांना वाटली आणि पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवलं, असं सांगितलं जातं.

हा गोल मला त्याच्या सगळ्या गोलांत मोलाचा वाटतो. त्याची चित्रफीत मी पाहिलेली नाही, फक्त वर्णनं वाचली आहेत. तरी तो मला दिसतो. बाकी सगळ्यांसाठी चकवा हा गोलापर्यंत जायचा रस्ता होता. त्याच्यासाठी चकवा हेच गाव होतं. गोल झाला की खेळ थांबतो, चेंडू मधोमध जातो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मग थोडा वेळ आणखी खेळू या की! लहान मूल जेवताना आवडीचा घास ताटाच्या कडेला राखून ठेवतं, तसं त्यानं ते मोकळं जाळं राखून ठेवलं.

संघाबरोबर जुआंव कार्व्हाल्याइस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा की सतरा वर्षांचा पेले अजून बालिश आहे आणि गारिंचा असल्या स्पर्धेच्या लायकीचा नाही. प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी तो अहवाल बाजूला ठेवला, हे फुटबॉलवर त्यांचे उपकार आहेत. १५ जून १९५८ रोजी गोथेनबर्गला सोव्हिएत संघाविरुद्ध दोघंही मैदानात उतरले. समोर गोलमध्ये लेव्ह याशिन. सामना सुरू झाल्या झाल्या चेंडू उजव्या कडेला गारिंचाकडे आला. त्यानं आपल्यासमोरच्या बचावपटूला एकदा, दोनदा चकवलं आणि मारलेला फटका खांबावर आदळला. काही क्षणांत पेलेचा फटका आडव्या दांडीवर. तिसऱ्या मिनिटाला दीदी या सहकाऱ्याचा पास आणि वावा या दुसऱ्या सहकाऱ्याचा गोल. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो यांनी त्या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वश्रेष्ठ तीन मिनिटं म्हटलं. त्या दिवसापासून पेले आणि गारिंचा एकत्र खेळले असे जितके सामने झाले, त्यातला एकही ब्राझील हरला नाही. एकही नाही.

अंतिम सामन्यात यजमान स्वीडननं पहिला गोल केला. मग गारिंचा उजवीकडून गेला, शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन चेंडू आत दिला, वावानं गोल केला. पुढे अर्ध्या तासाच्या सुमारास पुन्हा हुबेहूब तेच. तीच कड, तोच पास, तोच वावा. ५-२. ब्राझील पहिल्यांदा जगज्जेता. जग पेलेच्या प्रेमात पडलं आणि ते योग्यच होतं.

चार वर्षांनी चिलीत दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला आणि स्पर्धेबाहेर गेला. आता ब्राझीलचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. पुढे जे झालं ते एका माणसाच्या जिवावर झालं, असं म्हणणं फुटबॉलसारख्या अकरा जणांच्या खेळात सहसा चूक असतं. इथे ते बऱ्यापैकी खरं आहे. उजव्या कडेचा हा माणूस कडेवरून सुटला आणि सगळीकडे दिसायला लागला. व्हिन्या देल मार या शहरात इंग्लंडविरुद्ध त्यानं चक्क हेडरनं गोल केला. उंची १ मीटर ६९ सेंटिमीटर, समोर इंग्लंडचे उंचेपुरे बचावपटू, आणि हा मधूनच वर उसळला. त्याची फ्री किक गोलरक्षकाच्या अंगावरून परतली, ती वावानं आत ढकलली. आणि तिसरा गोल गारिंचानं लांबून, चेंडूला असा बाक देऊन मारला की गोलरक्षक हवेत आणि चेंडू त्याच्या पलीकडून आत.

त्याच सामन्यात मैदानात एक कुत्रं घुसलं होतं. गारिंचानं त्याला धरायचा प्रयत्न केला, तर ते त्याला चकवून पळालं. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जनं हातापायांवर बसून त्याला पकडलं. ते कुत्रं गारिंचाला इतकं आवडलं की तो ते ब्राझीलला घेऊन गेला आणि त्याचं नाव ठेवलं बी. आपल्याला चकवणाऱ्याला घरी न्यायचं. नील्टन सांतोसनं त्याच्या बाबतीत केलं होतं तेच.

उपांत्य फेरीत यजमान चिली. गारिंचाचे दोन गोल, एक डाव्या पायानं लांबून, एक पुन्हा डोक्यानं. वावाचे दोन. ४-२. पण सामनाभर चिलीच्या खेळाडूंनी त्याला लाथा घातल्या होत्या. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यानं एकाला उलट लाथ मारली आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. बाहेर जाताना प्रेक्षकांतून काहीतरी भिरकावलं गेलं आणि त्याचं डोकं फुटलं. बंदी आली असती तर त्याला अंतिम सामना खेळता आला नसता. पण ज्या सहायक पंचानं ती लाथ पाहिली होती तो साक्ष द्यायला हजरच राहिला नाही, देश सोडून निघून गेला होता. पडद्यामागे बऱ्याच हालचाली झाल्या आणि गारिंचाला परवानगी मिळाली. मला हे आजही खटकतं. तो माझा लाडका आहे म्हणून नियम वाकलेला मला गोड वाटावा, असं नाही. अंतिम सामन्यात तो अंगात ताप घेऊन खेळला. ब्राझील ३-१ जिंकला. त्या दिवसांत चिलीच्या 'एल मर्कुरिओ' या वर्तमानपत्रानं विचारलं होतं, गारिंचा कोणत्या ग्रहावरून आला आहे?

तो पाउ ग्रांदेवरून आला होता. आणि स्पर्धा संपल्यावर तो तिकडेच परत गेला, जुन्या मित्रांबरोबर अनवाणी खेळायला आणि प्यायला. वडीलही पिणारे होते. ऊसाची दारू त्या गावात पाण्यासारखी मिळायची.

त्याच्याबद्दलच्या गमतीदार गोष्टींनी रिओची वर्तमानपत्रं भरलेली असायची. समोर कुठलाही बचावपटू असो, गारिंचा त्याला जुआंव म्हणतो, कारण नाव लक्षात ठेवायची त्याला गरजच वाटत नाही, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. अशा बऱ्याच गोष्टी त्याचे पत्रकार मित्र रंगवून लिहीत. लोकांना त्या आवडत. पण वाचता वाचता माझा त्या गोष्टींवरचा जीव उडत गेला. भोळा, अडाणी, देवाचं लेकरू असा तो एकदा ठरला की बाकी सगळे मोकळे. त्यानं कोऱ्या करारांवर सह्या केल्या आणि आकडा क्लबनं भरला. का, तर त्याला पैशाचं कळत नाही. घरात नोटा कुठेही पडलेल्या असायच्या, काही कुजून गेल्या. का, तर तो तसाच आहे. ज्याला तीन बचावपटूंचे तोल एका नजरेत कळत होते, त्याला आकडे समजावून सांगितले असते तर कळले नसते? समजावणारं कुणी बसलं नाही, एवढंच.

आणि गुडघा. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

वाकड्या पायांवर दहा वर्षं तो भार एका क्षणात इकडून तिकडे फेकत होता. ज्या हालचालीनं बचावपटूंचे तोल गेले, त्याच हालचालीनं त्याच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली. गुडघा सुजायचा, त्यात पाणी भरायचं. ते पाणी सुईनं काढायचं, इंजेक्शन द्यायचं आणि पुन्हा मैदान. बोताफोगोचे जगभर दौरे असत आणि दौऱ्याचे पैसे गारिंचा खेळला तरच पुरते मिळत. माझ्या गुडघ्यातलं पाणी एकदाच काढलं होतं. जाड सुई आत जाते तेव्हा दुखतं त्यापेक्षा ती आत फिरते तेव्हा कसंसं होतं. नंतर पाय हलका झाला आणि मला वाटलं, बरं झालं. पण ताईंनी बजावलं होतं, दुखत नाही याचा अर्थ बरं झालं असा नाही. दुखणं तुम्हाला थांबवायला येतं, त्याचं ऐका. गारिंचाला कुणी हे सांगितलं असेल का? १९६४ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो पूर्वीचा गारिंचा राहिला नाही. चकवा तोच होता. झुकणं तेच. फक्त उजवीकडे सुटल्यावरचा तो वेग गेला. बचावपटू फसायचा, पण परत येऊन त्याला गाठायचा.

१९६६ ला तो इंग्लंडमध्ये तरीही खेळला. बल्गेरियाविरुद्ध फ्री किकवर एक सुंदर गोल केला. पेलेबरोबरचा तो शेवटचा सामना. तीन दिवसांनी हंगेरीकडून ब्राझील ३-१ हरला. गारिंचाचा देशासाठी हा पन्नासावा अधिकृत सामना होता आणि हरलेला पहिला. पुन्हा त्याला बोलावलं नाही.

गायिका एल्झा सोआरेसबद्दल लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. रिओच्या झोपडपट्टीत वाढलेली, कोवळ्या वयात लग्न लावून दिलेली, भुकेनं लेकरं गमावलेली मुलगी. रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती ढगळ कपडे टाचण्यांनी आवळून उभी राहिली, तेव्हा सूत्रसंचालक आरी बारोझो यांनी तिला चेष्टेनं विचारलं, तू कोणत्या ग्रहावरून आलीस? तिनं उत्तर दिलं, तुमच्याच ग्रहावरून, भुकेच्या ग्रहावरून. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला होता, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

गारिंचा बायको आणि मुलींना सोडून एल्झाबरोबर राहायला लागला तेव्हा लोकांनी सगळा राग एल्झावर काढला. घर मोडणारी, पैशासाठी आलेली असं म्हटलं गेलं, घरावर दगड आले. पैसे तर ती त्याच्यापेक्षा जास्त कमवत होती. त्याची दारू सोडवायला तिनं जिवाचं रान केलं. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि एल्झाची आई त्यात गेली. त्यानंतर तो आणखी खोल बुडाला. दारूच्या नशेत तो एल्झाला मारायचा. १९७७ मध्ये ती त्याच्यापासून वेगळी झाली. ह्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. ज्या माणसाच्या खेळानं लाखोंना हसवलं त्यानं घरात एका बाईला रडवलं, आणि त्या बाईनं त्याच्यासाठी जेवढं केलं तेवढं त्या लाखांतल्या कुणी केलं नाही.

तो कुठे चाललाय, हे सगळ्यांना दिसत होतं. क्लबला दिसत होतं, मित्रांना दिसत होतं, नील्टनला दिसत होतं. कुणी काही केलंच नाही असंही नाही. १९७३ च्या डिसेंबरात माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला, सव्वा लाखाहून जास्त माणसं तिकीट काढून आली, पैसे उभे राहिले. लोक मदत करत, तो काही दिवस सावरे आणि पुन्हा रुग्णालय. भाच्याचा प्रश्न मला इथे पुन्हा ऐकू आला, आणि इथे मला त्याचं उत्तर खुर्चीला धरून समजावता येईना.

१९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा या सांबा मंडळानं त्याला आपल्या रथावर बसवलं. त्याचे फोटो आहेत. चहूकडे रंग, पिसं, ढोल, नाचणारी माणसं. मध्ये सुजलेल्या चेहऱ्याचा, शून्यात बघणारा एक माणूस. औषधांच्या गुंगीत असलेला. रिओ त्याला 'लोकांचा आनंद' म्हणत असे, आणि सगळ्या शहराच्या आनंदाच्या रात्री त्या एकट्याच्या चेहऱ्यावर तो नव्हता. त्याचे हात मांडीवर कसे ठेवलेत ते बघावं. कुणीतरी उचलून ठेवल्यासारखे.

२० जानेवारी १९८३ रोजी रिओत तो गेला. वय ४९. यकृत पार निकामी झालेलं. त्याचं शव माराकानावर ठेवलं, बोताफोगोचा झेंडा पांघरून. तिथून पाउ ग्रांदेच्या वाटेवर रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं होती. अखेरच्या वर्षांत फारसं कुणी फिरकलं नव्हतं, आणि त्या दिवशी रस्ता पुरला नाही. एल्झा पुढे जवळजवळ चार दशकं गात राहिली, नव्या पिढ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. ती गेली २०२२ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी. तारीख होती २० जानेवारी.

ब्राझिलियात त्याच्या नावाचं प्रचंड स्टेडियम आहे. २०१४ च्या विश्वचषकासाठी ते नव्यानं बांधलं, अमाप पैसा ओतून. रिओजवळच्या त्याच्या मुलखातल्या स्मशानभूमीत मात्र, २०१७ मध्ये बातमी आली, त्याच्या अस्थी नक्की कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. मधल्या काळात कधीतरी कबर उघडून त्या दुसरीकडे हलवल्या असं एका नातेवाइकाचं म्हणणं होतं. कुठे हलवल्या याची कागदावर नोंद नाही.

हे मी भाच्याला सांगितलं. तो आता चौदाचा झाला आहे, उंच झाला आहे, संघात उजव्या कडेला खेळतो. चेंडूवर पाय ठेवून तो बराच वेळ गप्प उभा राहिला.

"पण मावशी," तो म्हणाला, "त्याचे पाय तर लगेच ओळखू येतील ना?"